नावनोंदणी मॉड्यूलची फेरबांधणी: प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ मार्च

प्रशिक्षण सत्रांच्या नावनोंदणीचं ॲप्लिकेशन आजपासून माझ्याकडे आलं. रेल्सवर (रुबी भाषेतली वेब ॲप्लिकेशन बनवायची चौकट) आहे, लोक रोज वापरतात. मला दिलेलं काम एका ओळीत: नवा नियम घालायला फार दिवस लागतात, ते कमी करा.

नोंदणीचा कंट्रोलर, म्हणजे विनंती घेऊन उत्तर देणारा कोड, उघडला. ३१२ ओळी, त्यात क्रिएट (नवी नोंदणी करणारी) ही एकटी ॲक्शन ११८ ओळींची. स्क्रीनवर वर-खाली करत वाचताना सुरुवातीचं शेवटापर्यंत लक्षात राहीना, म्हणून छापून घेतली आणि तीन रंगांची पेनं घेऊन बसले. विनंतीशी संबंधित ओळी निळ्या: पॅराम्स (विनंतीसोबत आलेली माहिती), लॉगिन, रीडायरेक्ट, फ्लॅश संदेश. नियमांच्या ओळी हिरव्या: जागा शिल्लक आहे का, मुदत उलटली का, ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे का. बाहेर काहीतरी घडवणाऱ्या लाल: मेल, पावतीची पीडीएफ, ऑडिट नोंद.

निळ्या ३१, हिरव्या ५२, लाल ३५. आकड्यांपेक्षा त्यांची सरमिसळ जास्त बोलकी आहे. ६४व्या ओळीवर प्रतीक्षा यादीचा निर्णय, ६६व्या ओळीवर मेल, आणि ७१व्या ओळीवर कळतं की व्यक्ती त्या सत्राला पात्रच नाही. म्हणजे आधी मेल, मग नकार. 'तुम्ही प्रतीक्षा यादीत आहात' असा मेल मिळालेल्या लोकांना स्क्रीनवर 'पात्र नाही' दिसतं, या जुन्या तक्रारीचं मूळ इथे सापडलं.

हेच नियम मोबाईल ॲपच्या विनंत्या घेणाऱ्या एपीआय कंट्रोलरमध्ये पुन्हा लिहिलेत, आणि प्रशासकाच्या सीएसव्ही आयातीत (फाईलमधून एकदम नोंदी भरणं) अर्धेच. एकाच खोलीला तीन दारं आणि प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी.

मंगळवार, ४ मार्च

कोडला हात लावण्याआधी टेस्ट. सगळ्या बाहेरून लिहिल्या: विनंती पाठवायची, उत्तर बघायचं, डेटाबेसमध्ये काय उरलं ते बघायचं. आतल्या क्लासची नावं टेस्टमध्ये येऊ दिली नाहीत, कारण हलवायची आहेत ती तीच. संध्याकाळपर्यंत १४ टेस्ट झाल्या.

एक टेस्ट मला हवी तशी पास होईना. २० जागांच्या सत्रात २१वी व्यक्ती प्रतीक्षा यादीत जायला हवी, ती थेट आत जाते. कारण लगेच दिसलं: 'नोंदलेले क्षमतेपेक्षा कमी' याऐवजी 'कमी किंवा तितकेच' अशी तुलना आहे. हात शिवशिवले, पण दुरुस्त केलं नाही. आज कोड जसा वागतो तशीच टेस्ट लिहिली आणि वर शेरा मारला: 'बहुधा चूक, विचारायचं.' वागणूक बदलणं आणि जागा बदलणं एकाच कमिटमध्ये (कोडच्या बदलांच्या एका नोंदीत) केलं, तर उद्या काही बिघडल्यावर कशामुळे बिघडलं ते शोधता येत नाही.

गुरुवार, ६ मार्च

सोपं काम आधी उरकलं. कंट्रोलरमध्ये विखुरलेल्या क्वेरी मॉडेलवर (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासवर) स्कोप म्हणून, म्हणजे नावं देऊन, नेल्या: खुली सत्रं, भरलेली सत्रं, येत्या महिन्यातली सत्रं. कुठलं सत्र 'खुलं' म्हणायचं हे ठरवायचा अधिकार सत्राचा, पानाचा नाही.

कोणती फील्डं स्वीकारायची याची यादी मात्र कंट्रोलरमध्येच ठेवली. सहकारी म्हणाली, "हीसुद्धा मॉडेलमध्ये टाक ना, तीन ठिकाणी कशाला?" रेल्समध्ये ती पूर्वी तिथेच असायची. ती यादी लिहायची विसरली की बाहेरून कोणीही कुठलंही फील्ड भरू शकायचं. २०१२मध्ये या उणिवेचा गाजावाजा झाला आणि २०१३च्या रेल्स ४मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्सच्या रूपानं ती जबाबदारी कंट्रोलरकडे आली. आमच्याकडे त्याचं कारण उघड दिसतं: शुल्कमाफीचं फील्ड प्रशासक भरू शकतो, प्रशिक्षणार्थी नाही. टेबल तेच, दार वेगळं. म्हणून यादी दारापाशी.

शुक्रवार, ७ मार्च

हिरव्या ओळी. ज्या नियमाचं उत्तर एकाच रेकॉर्डकडे बघून देता येतं, तो त्या मॉडेलवर. सत्राला विचारायचं: नोंदणी खुली आहे का, जागा किती उरल्या. प्रशिक्षणार्थ्याला विचारायचं: या सत्राला तू पात्र आहेस का.

मुदतीचा नियम एकत्र करताना कळलं की दोन दारांवर तो वेगवेगळा चालत होता. वेब कंट्रोलर 'डेट.करंट' वापरत होता, म्हणजे ॲप्लिकेशनमध्ये ठरवलेल्या वेळक्षेत्रातला आजचा दिवस. एपीआय 'डेट.टुडे' वापरत होता, म्हणजे ज्या मशीनवर कोड चालतो तिथला दिवस, आणि सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. आमचं वेळक्षेत्र यूटीसीच्या पुढे. त्यामुळे मध्यरात्री वेबवरची नोंदणी बंद व्हायची आणि मोबाईलवरून ती पुढे काही तास चालू राहायची. दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर अगदी निर्दोष दिसतात. शेजारी-शेजारी ठेवल्यावरच डोळ्यांत खुपतात.

आता सत्र स्वतः घड्याळ बघत नाही, क्षण बाहेरून दिला जातो. टेस्टमध्ये हवी ती वेळ देता येते आणि मध्यरात्रीच्या एक मिनिट आधीचं, एक मिनिट नंतरचं वागणं तपासता येतं.

सोमवार, १० मार्च

लाल ओळी मॉडेलच्या कॉलबॅकमध्ये (रेकॉर्डवर काही घडलं की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) नेल्या. नोंदणीचं रेकॉर्ड तयार झालं की 'आफ्टर क्रिएट'मधून मेल, पीडीएफ, ऑडिट. क्रिएट ॲक्शन २२ ओळींवर आली. सगळ्या टेस्ट पास. ब्रांच रिव्ह्यूला दिली.

बुधवार, १२ मार्च

सोमवारचा निर्णय चुकला. कसा चुकला ते सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला हाच मोह झाला तर वाचता येईल.

स्टेजिंगवर (तपासणीच्या सर्व्हरवर) सहकारीने २४० ओळींची सीएसव्ही आयात चालवून बघितली. २४० मेल निघाले. स्टेजिंगचे मेल बाहेर जात नाहीत म्हणून निभावलं. ही आयात जुन्या कागदी नोंदी भरण्यासाठी वापरतात. त्यातली सत्रं होऊन गेलेली असतात, त्या लोकांना 'तुमची जागा निश्चित झाली' असा मेल जाणं म्हणजे गोंधळच.

त्याच वेळी जॉबच्या (मागे रांगेनं चालणाऱ्या कामांच्या) लॉगमध्ये दुसरी गोष्ट दिसली. काही मेल-जॉब पहिल्या प्रयत्नात पडत होते: रेकॉर्ड सापडत नाही. 'आफ्टर क्रिएट' ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसमध्ये एकदमच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) आत चालतो. आत असतानाच जॉब रांगेत पडतो, आणि आमची रांग रेडिसमध्ये, डेटाबेसच्या बाहेर. वर्कर (रांगेतली कामं करणारा प्रोग्राम) मोकळा असेल तर तो लगेच जॉब उचलतो आणि रेकॉर्ड शोधायला जातो. ट्रान्झॅक्शन अजून कमिट (डेटाबेसमध्ये पक्कं) झालेलं नसतं, म्हणून वर्करच्या दृष्टीनं टेबलातली ती ओळ अस्तित्वातच नसते. दुसऱ्या प्रयत्नाला सापडते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आयातीत सगळ्या ओळी एकाच मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यामुळे ही फट रुंदावली आणि उघडी पडली.

'आफ्टर कमिट' (कमिटनंतरच चालणारा कॉलबॅक) वापरून दुसरा दोष गेला. पहिल्यासाठी मी नोंदणी मॉडेलवर 'मेल टाळा' असं एक तात्पुरतं फील्ड घातलं आणि आयातीत ते खरं केलं. मग टेस्टचा डेटा बनवतानाही मेल नकोत, म्हणून तिथेही. मग पावती नको पण मेल हवा, असं एक ठिकाण निघालं, म्हणून दुसरं फील्ड. तिसरं लिहायला घेतलं तेव्हा थांबले. नोंदणीच्या ओळीला स्वतःबद्दल सगळं माहीत असू शकतं, पण आपण कोणत्या प्रसंगानं जन्माला आलो हे तिला माहीत नसतं. मेल पाठवायचा की नाही हे तर प्रसंगावरच ठरतं.

गुरुवार, १३ मार्च

कॉलबॅक काढले. दिवसभर कोड कमी लिहिला, विचार जास्त.

मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही कोडची मांडणी, जिच्यावर रेल्स उभं आहे, १९७९ची. ट्रिग्वे रीन्सकाउग झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक असताना त्यांनी ती स्मॉलटॉक या भाषेच्या कामात मांडली. तिथे वेब नव्हतं. वापरणारा समोर बसलेला, आणि त्याच्या हातातून येणाऱ्या इनपुटची सोय लावणं हे कंट्रोलरचं काम. त्यांच्या त्या वर्षीच्या टिपणात मॉडेल म्हणजे ज्ञान, आणि मॉडेल ही एकच वस्तू असू शकते किंवा अनेक वस्तूंची रचनाही. टेबलाचा उल्लेख नाही.

'मॉडेल म्हणजे टेबल' हे समीकरण आपल्या डोक्यात नंतर बसलं. ॲक्टिव्ह रेकॉर्ड या मांडणीत डेटाबेसची एक ओळ आणि तिचे नियम एकाच वस्तूत राहतात. रेल्स २००४मध्ये आलं ते हीच मांडणी पाया म्हणून घेऊन. सोय मोठी, यात वाद नाही. पण 'एका व्यक्तीला एका सत्रात जागा देणं' हे काम कोणत्याच एका ओळीचं नाही. ते सत्राच्या ओळीला शिवतं, नोंदणीच्या ओळीला शिवतं, प्रतीक्षा यादीला शिवतं. टेबल नसल्यामुळे त्याला घर मिळालं नाही. मग ते आधी कंट्रोलरमध्ये पसरलं, आणि सोमवारी मी ते उचलून मॉडेलच्या कॉलबॅकमध्ये दडवलं. 'बारीक कंट्रोलर, जाड मॉडेल' हा सल्ला २००६पासून सगळीकडे ऐकू येतो, मी तो ओळी मोजून पाळला.

उलट टोकालाही जायचं नाही. सगळे नियम वेगळ्या वस्तूंमध्ये काढून मॉडेल नुसतं फील्डांचं गाठोडं करून ठेवलं, तर शुक्रवारी जे मिळवलं ते जाईल. सॉफ्टवेअर लेखक मार्टिन फाउलर यांनी २००३मध्येच अशा रक्तहीन मॉडेलवर टीका केली होती. 'जागा किती उरल्या' हे सत्रानंच सांगायचं. 'जागा देणं' हे काम मात्र दुसऱ्या कोणीतरी करायचं.

सोमवार, १७ मार्च

त्या कामाला घर दिलं. साधा रुबी क्लास, कशातून वारसा घेतलेला नाही. नाव क्रियेवरून: 'एनरोल ट्रेनी'. आधी 'एनरोलमेंट मॅनेजर' लिहिलं होतं, ते खोडलं. मॅनेजर म्हटलं की त्यात काहीही मावतं. क्रियापद असलं की न बसणारी गोष्ट आत टाकताना नावच अडवतं.

आत काय जातं हे ठरवायला जास्त वेळ दिला. प्रशिक्षणार्थी, सत्र, आणि क्षण. पॅराम्स नाहीत, विनंती नाही, लॉगिन केलेली व्यक्ती नाही. आयातीला ब्राउझर नसतो. जे दार ब्राउझरशिवाय उघडतं त्या दारातून हा क्लास चालला पाहिजे.

बाहेर येतं ते खरं-खोटं नाही. सुरुवातीला खरं-खोटंच परत देत होते आणि कंट्रोलरला पुन्हा विचारावं लागत होतं की 'नाही' का. आता चार उत्तरं आहेत, आणि काम असं वाचता येतं:

सत्राची ओळ लॉक करा
व्यक्ती पात्र नसेल तर: 'अपात्र'
मुदत उलटली असेल तर: 'बंद'
जागा नसेल तर प्रतीक्षा यादीत टाका: 'प्रतीक्षेत'
नाहीतर नोंदणी तयार करा: 'निश्चित'

पात्रता आता सगळ्यात वर आहे. ७१व्या ओळीचा प्रश्न मिटला. वेब कंट्रोलर या उत्तरावरून कोणत्या पानावर पाठवायचं ते ठरवतो, एपीआय स्टेटस कोड ठरवतो, आयात अहवालात एक ओळ लिहिते.

बुधवार, १९ मार्च

शेवटच्या जागेची शर्यत. जुन्या कोडमध्येही होती, पण नियम तीन ठिकाणी असताना ती सोडवायची कुठे हाच प्रश्न होता.

दोन जण एकाच क्षणी बटण दाबतात. दोन्ही विनंत्या मोजतात: एक जागा आहे. दोन्ही लिहितात. मॉडेलवरचं व्हॅलिडेशन (जतन करण्याआधीची तपासणी) इथे उपयोगी नाही, कारण तेही आधी वाचतं आणि मग लिहितं, आणि मधल्या फटीत दुसरा लिहून जातो. म्हणून 'विथ लॉक' सत्राच्या ओळीवर. दुसरी विनंती पहिलीचं कमिट होईपर्यंत थांबते आणि मग ताजा आकडा बघते. लॉक नोंदणीच्या ओळींवर घेऊन चालत नाही, कारण जी ओळ अजून तयारच झालेली नाही तिला लॉक कसा लावणार?

तीच व्यक्ती दोनदा नोंदली जाऊ नये यासाठी व्यक्ती आणि सत्र या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स, तीच जोडी दुसऱ्यांदा न स्वीकारणारा. डेटाबेसनं नकार दिला की 'आधीच नोंदलेले' हे पाचवं उत्तर. इथे अडीच तास गेले. नकाराचा अपवाद मी लॉकच्या ब्लॉकच्या आतच पकडला होता, आणि त्यानंतरची ऑडिटची ओळ लिहिताना वेगळीच एरर येत होती. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक स्टेटमेंट पडलं की ते अख्खं ट्रान्झॅक्शन बाद होतं, पुढचं काही चालत नाही. रेस्क्यू (अपवाद पकडणारा भाग) ब्लॉकच्या बाहेर नेला आणि सुटलं.

टेस्टनेही फसवलं. दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं) एकदम सोडणारी टेस्ट लिहिली, ती पास झाली. खात्रीसाठी लॉक काढून चालवली, तरी पास! रेल्सच्या टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात आणि त्यासाठी सगळे थ्रेड एकच कनेक्शन वापरतात. एका कनेक्शनवर शर्यत होणारच कशी? या एका टेस्ट क्लाससाठी ती सोय बंद केली, नंतरची साफसफाई हातानं लिहिली. आता लॉक काढला की टेस्ट पडते. पडून दाखवत नाही तोवर अशा टेस्टवर विश्वास ठेवायचा नाही.

शुक्रवार, २१ मार्च

तिन्ही दारं आता एकाच क्लासला बोलावतात. मेलची ओळ वेब आणि एपीआय, दोन्ही कंट्रोलरमध्ये आहे, लॉक सुटल्यानंतर. आयातीत नाही, तिथे शेवटी प्रशासकाला एकच अहवाल जातो. रिव्ह्यूमध्ये सहकारीने विचारलं, "एकच ओळ दोनदा लिहिली आहेस, चालेल?" चालेल. नियम दोनदा लिहिला तर तो एका ठिकाणी बदलायचा राहून जातो. ही ओळ नियम नाही, त्या त्या दाराचा निर्णय आहे.

क्रिएट ॲक्शन २६ ओळींची झाली. १० मार्चच्यापेक्षा चार जास्त.

मंगळवार, २५ मार्च

नवं घर आवडलं की सगळ्यांना तिकडेच राहायला जावंसं वाटतं. उत्साहात दोन दिवसांत सहा नवे क्लास तयार झाले. त्यातला एक प्रशिक्षणार्थ्याचा पत्ता बदलण्यासाठी होता आणि आत एकच ओळ होती, रेकॉर्ड अपडेट करणारी. असे चार काढून टाकले. एकच रेकॉर्ड, एकच दार, मागे काही घडत नाही: तिथे कंट्रोलरनं मॉडेलला थेट सांगावं.

फोल्डरचा प्रश्नही निघाला. 'सर्व्हिसेस' नावाचा फोल्डर कोणीतरी केला होता, तो काढला. काही दिवसांत तो अडगळीची खोली झाला असता. क्लास मॉडेल्सच्या फोल्डरमध्येच, नोंदणीच्या उपफोल्डरात ठेवले. टेबल नसलं तरी ते या विषयाचं ज्ञानच आहे.

'कन्सर्न्स'मध्ये (मॉडेलांचा सामायिक कोड ठेवायच्या फोल्डरात) नोंदणी मॉडेलचा एक २०० ओळींचा मॉड्यूल होता, फक्त त्याच मॉडेलनं वापरलेला. तो परत मूळ फाईलमध्ये आणला. मॉडेल लांब दिसायला लागलं, पण निदान लांबी दिसते. मग त्यातल्या ९० ओळी कोणीच वापरत नाही हेही दिसलं, त्या गेल्या.

शुक्रवार, २८ मार्च

नोंदणी रद्द करणं. डिस्ट्रॉय ॲक्शनमधल्या ४० ओळींचा 'कॅन्सल एनरोलमेंट' झाला. हाही आधी सत्राचीच ओळ लॉक करतो. दोन्ही कामं एकाच क्रमानं लॉक घेतात, म्हणून एकमेकांची वाट बघत अडकून पडत नाहीत.

प्रतीक्षेतल्या पहिल्या व्यक्तीला मुदत उलटल्यावरही जागा द्यायची का, याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं. वेब देत होतं, एपीआय देत नव्हता. प्रशिक्षण विभागाला विचारलं. उत्तर अर्ध्या तासात आलं: द्यायची, पण सत्र सुरू होण्याच्या २४ तास आधीपर्यंतच. एक अट, एक फाईल, दोन टेस्ट. जेवणाच्या सुट्टीआधी मुख्य कोडमध्ये मर्ज झालं.

त्याच बोलण्यात ४ मार्चचा शेराही विचारून घेतला: २० जागांच्या सत्रात २१ जण कसे चालतात? पलीकडून उत्तर आलं, "माहीत आहे आम्हाला. एक जण जास्त येतोच, म्हणून आम्ही क्षमता नेहमी एकनं कमी भरतो."

म्हणजे वर्षानुवर्षं डेटामध्ये क्षमता एकनं कमी आहे. मी पहिल्याच दिवशी ती तुलना सुधारली असती, तर प्रत्येक सत्रातली एक खुर्ची रिकामी राहिली असती आणि कारण कोणालाच कळलं नसतं.

मंगळवार, १ एप्रिल

तुलना दुरुस्त केली. त्याच डिप्लॉयमध्ये पुढच्या सगळ्या सत्रांची क्षमता एकनं वाढवणारं मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी स्क्रिप्ट). होऊन गेलेल्या सत्रांना हात लावला नाही. ते अहवालांत गेलेले आकडे आहेत. विभागाला कालच कळवलं होतं की आजपासून खोलीत जेवढ्या खुर्च्या तेवढाच आकडा भरा. फॉर्मवर क्षमतेच्या चौकटीखाली तसं वाक्यही टाकलं.

४ मार्चच्या टेस्टवरचा शेरा खोडला. तीत २१वी व्यक्ती आता प्रतीक्षा यादीत जाते.